नांदायला नकार

रोज सकाळी कोणत्या घरात जागं व्हायचं, एवढं तरी आपल्या हातात असावं की नाही? रखमाबाईंचं मागणं तेवढंच होतं. त्यासाठी प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं.

त्यांचा जन्म 1864चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं, पण त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे वाचायची मोकळीक होती, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. दादाजींचं शिक्षण मात्र मागे पडलं. 1884मध्ये त्यांनी दावा लावला, बायकोला नांदायला पाठवा.

रखमाबाईंनी सरळ नकार दिला. कळत नसलेल्या वयात झालेलं लग्न मला बांधून ठेवू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि एकच गदारोळ उठला. धर्म बुडाला म्हणे! टिळकांचा ‘केसरी’ही विरोधातच होता. गंमत अशी, की नवऱ्याकडे नांदायला पाठवण्याचा दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आपल्याकडे आलेला. त्यासाठी तुरुंगात टाकणं खुद्द इंग्लंडनं 1884मध्येच बंद केलं होतं. म्हणजे आपले लोक धर्म म्हणून नेमकं काय वाचवत होते, देव जाणे. (ही तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9मध्ये आजही आहे, फक्त तुरुंग गेला.)

अपिलात निकाल फिरला. मार्च 1887मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग निवडला. बावीस वर्षांचं वय, आणि सगळं गाव तोंडावर बोलणारं!

तुरुंगात जायची वेळ आली नाही. 1888मध्ये 2,000 रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. पुढे सुरत आणि राजकोटला बायकांवर उपचार करण्यात आयुष्य गेलं. पुन्हा लग्न केलं नाही.

1904मध्ये दादाजी वारले आणि रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसू लागल्या. ज्या माणसाच्या घरी नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग बरा वाटला, त्याच्यासाठी! आपल्याला हे खटकतं, खटकायलाच हवं. पण या वेळी कोर्टाचा हुकूम नव्हता. 1955मध्ये, वयाच्या 90व्या वर्षी त्या गेल्या.