३० वर्षं स्वतःला काट्यावर तोलत राहिलेल्या डॉक्टरने ‘न दिसणारा घाम’ मोजून काढला

डायलिसिस सेंटरमध्ये पेशंट आला की त्याला आधी वजनकाट्यावर उभं करतात. डायलिसिस संपलं की पुन्हा वजन. दोन वजनांत जो फरक पडतो तो अंगातून काढलेल्या पाण्याचा.

वजनावरून शरीराचा जमाखर्च मांडायची ही कल्पना चारशे वर्षं जुनी आहे. ती लावून धरणाऱ्या डॉक्टरचं नाव सांतोरिओ सांतोरिओ. हो, नाव आणि आडनाव सारखंच!

त्याचा जन्म १५६१ चा. गाव कापोदिस्त्रिया, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातलं कोपर. तेव्हा तिथे व्हेनिसची सत्ता होती. १५८२ मध्ये तो इटलीतल्या पादुआ विद्यापीठातून डॉक्टर झाला.

त्या काळी रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांचा समतोल म्हणजे आरोग्य, असं मानायचे. पण हा समतोल मोजायचा कसा, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

सांतोरिओने मग एक मोठा तराजू घेतला आणि त्याला खुर्ची टांगली. खुर्चीत बसून तो जेवायचा आणि वजन बघायचा. खाल्लेलं, प्यायलेलं, इतकंच काय, लघवी आणि शौचही तोलायचा. हा उद्योग सुमारे ३० वर्षं चालला असं सांगतात.

हिशोब मात्र जुळेना. दिवसभरात ८ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं सुमारे ५ पौंड न दिसताच नाहीसं व्हायचं. त्याने निष्कर्ष काढला की शरीर सतत एक न दिसणारा घाम टाकत असतं आणि तो अडला की माणूस आजारी पडतो.

१६११ मध्ये तो पादुआला प्राध्यापक झाला. १६१४ मध्ये त्याचं लॅटिन पुस्तक आलं आणि युरोपभर गाजलं. नाडी मोजायला त्याने लंबक वापरला, तापमापकाला मोजपट्टी लावली. १६३६ मध्ये व्हेनिसमध्ये त्याचं निधन झालं.

पण त्याचं सगळंच बरोबर नव्हतं. त्या ५ पौंडांतला बराच भाग श्वासावाटे जातो, हे त्याला वेगळं काढता आलं नाही. शिवाय काट्याला फक्त वजन कळतं. घामात मीठ किती, ते कळत नाही.

किडनीच्या जुनाट आजारात खरी अडचण इथेच येते. किडनी थकली की जास्तीचं मीठ बाहेर पडत नाही. मीठ पाणी धरून ठेवतं, मग पाय सुजतात, बीपी वाढतं, धाप लागते.

घामातलं मीठ मोजायची तपासणी आज आहे, पण ती मुख्यतः सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी वापरतात. किडनीच्या पेशंटचा मिठाचा हिशोब घामावरून लावणं अवघड जातं, कारण ऊन, मेहनत आणि घामाचा वेग बदलला की आकडाही बदलतो. म्हणून डॉक्टर रक्त, लघवी, बीपी आणि वजन यांवरच भर देतात. घाम गाळून मीठ काढू, असा उपाय मनाने करणं तर धोक्याचंच.

म्हणूनच किडनीच्या पेशंटला डॉक्टर रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगतात, तेव्हा कंटाळा करू नये. एका दिवसात एक किलो वाढलं, तर ती बहुधा चरबी नसते, अंगात साठलेलं जवळपास एक लिटर पाणी असतं. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काटा ते सांगून टाकतो.