मादाम वॉकर : एका धुणेवालीची कहाणी

आमच्या घरात आरसा एकच आहे, तोही दाराच्या मागे. दार उघडे असले की आरसा भिंतीकडे तोंड करून असतो. मी आठवीत असताना आईला विषमज्वर झाला आणि त्यानंतर तिचे केस मुठीमुठीने गेले. पुढे ते आले, पण विरळ आले. तेव्हापासून आई त्या आरशासमोर फारशी उभी राहिलेली मला आठवत नाही. डोक्यावरचा पदर तिने जो घट्ट ओढून घेतला तो आजतागायत. चार घरची धुणीभांडी करतानाही तो ढळत नाही.

त्या वर्षी आजीने घरीच आईसाठी गंगावन केले. विंचरताना फणीत येणारे स्वतःचे केस आजी एका डब्यात साठवीत असे. गल्लीत केसांवर सुया-दोरे देणारी बाई यायची, तिच्यासाठी. तो सगळा गुंतवळ आजीने सोडवला, शिकेकाईने धुतला, वाळवला. मग केसांची मुळे एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला अशी जुळणी करीत ती आठ दिवस उंबऱ्यात बसून होती. मुळे आणि टोके उलटसुलट झाली तर केस पुन्हा गुंततात, म्हणून एवढा खटाटोप! शेवटी मुळांची बाजू काळ्या दोऱ्याने करकचून बांधली आणि गंगावन तयार झाले. आईने ते माळून अंबाडा घातला तेव्हा तिने दार लोटून घेतले आणि आरशात पाहिले. एवढेच मला आठवते.

हे घरचे पुराण मी वार्षिकांकात का सांगत बसले, असे आपणांस वाटेल. पण मला जिच्याविषयी लिहायचे आहे, तिची कहाणी अशाच एका आरशापासून सुरू होते.

इतिहासाच्या तासाला अमेरिकेतील गुलामगिरीचा अंत आम्ही शिकलो. लिंकनची घोषणा, यादवी युद्ध, १८६५ ची घटनादुरुस्ती. परीक्षेपुरते एवढे पुरे होते. पण जे सुटले त्यांचे पुढे काय झाले, असे मी सरांना विचारले. सरांनी उत्तर न देता ग्रंथालयातून एक इंग्रजी चरित्र काढून माझ्या हाती ठेवले. शब्दकोश शेजारी घेऊन ते मी दिवाळीच्या सुट्टीत वाचले. ते चरित्र होते मादाम सी. जे. वॉकर या निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजातील एका स्त्रीचे. आपण आईला अहो-जाहो करीत नाही, म्हणून मीही तिला ‘ती’च म्हणणार आहे.

तिचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुईझियाना राज्यातील डेल्टा या गावी, मिसिसिपी नदीच्या काठी. आईवडील कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेले. थोरली भावंडेही गुलामगिरीतच जन्मलेली. घरात स्वतंत्र म्हणून जन्माला आलेले पहिले मूल म्हणजे सारा! पण कागदावरच्या स्वातंत्र्याने पोट भरत नाही. मळा तोच, कापूस तोच, राबणारे हातही तेच. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा सारा पाच वर्षांची होती आणि कापसाच्या शेतात वावरत होती. पुण्याहून गेलेली ती कृतज्ञता आणि कापसातली ती पोर यांची कधी गाठ पडली नाही. पण मला तो योग विसरता येत नाही.

सातव्या वर्षापर्यंत तिचे आईवडील दोघेही गेले. बहिणीबरोबर ती नदीपलीकडच्या व्हिक्सबर्ग गावी गेली आणि लोकांच्या घरी कामाला लागली. शाळा म्हणाल तर सारी मिळून तीन महिने. बहिणीचा नवरा छळ करी. त्यातून सुटण्यासाठी चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्सशी लग्न केले. १८८५ साली मुलगी झाली, तिचे नाव लीलिया. आणि १८८७ साली नवरा वारला. वीस वर्षांची विधवा, पदरी दोन वर्षांची मुलगी!

याच काळात आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते? नवरा गेला म्हणून उच्चवर्णीय घरांतल्या पोरसवदा मुलींचे केस वस्तऱ्याने उतरवले जात होते. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी हे पाप आपल्या हातून होऊ द्यायचे नाही, असा निर्धार केला. बाईच्या केसांचा आणि तिच्या मानाचा संबंध किती जवळचा असतो, हे त्या नाभिकांना कळले होते.

विधवा सारा सेंट लुईस शहरात आली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत. तिने मात्र धुण्याचे काम धरले. उकळत्या पाण्याचे हंडे, लाकडी टब, धुण्याची खरबरीत फळी आणि हात सोलून काढणारा साबण, यांत तिची जवळजवळ अठरा वर्षे गेली. या धुण्याच्या पैशातून तिने काय केले असेल? दागिना नाही, घर नाही. तिने लीलियाला शिकवले आणि पुढे टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल कॉलेजात पाठवले. तीन महिने शाळा पाहिलेल्या बाईची मुलगी कॉलेजात! हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसले.

याच वर्षांत साराचे केस गळू लागले. टाळूवर चट्टे पडले. हा तिच्या एकटीचा आजार नव्हता. गरिबांच्या घरात नळाचे पाणी नव्हते, त्यामुळे डोके क्वचितच धुतले जाई. त्यात निकस अन्न, आजारपणे आणि कडक क्षारांचे साबण. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे पाण्यातून काढणाऱ्या बाईला स्वतःचे डोके धुवायला पाणी नसावे, याला काय म्हणावे?

तिने मिळेल ते औषध करून पाहिले. ॲनी टर्नबो ही तिच्याच समाजातील स्त्री केशवर्धक औषधे विकत असे. सारा काही काळ तिची विक्रेती झाली. १९०५ साली ती डेन्व्हर शहरी गेली, तेव्हा तिच्याजवळ दीड डॉलर होता, असे तीच पुढे सांगत असे. दिवसा ती स्वयंपाकिणीचे काम करी आणि रात्री घरी मलम घोटून डब्या भरी. त्या मलमात मुख्यतः पेट्रोलियम जेली आणि गंधक असे. स्वप्नात एका पुरुषाने येऊन आपल्याला हे औषध सांगितले, असे ती म्हणे. पण गंधकाचा हा उपयोग आधीपासून माहीत होता आणि आपली नक्कल झाली असा ॲनी टर्नबोचा आरोप होता. चरित्रलेख लिहिताना हे झाकून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. मलम तिचे एकटीचे नव्हते. पण त्या मलमाचे तिने जे केले, ते मात्र तिचे एकटीचे होते.

१९०६ साली तिने चार्ल्स जोसेफ वॉकर याच्याशी लग्न केले. त्याला वर्तमानपत्री जाहिरातींची माहिती होती. तिने त्याचे नाव घेतले आणि त्यामागे ‘मादाम’ लावले. गोरे लोक काळ्या बाईला, मग ती आजी का असेना, नुसत्या नावाने हाक मारीत. आता डबीवर छापलेले नाव वाचायचे तर त्यांनाही ‘मादाम’ म्हणणे भाग होते! डबीवर चित्र छापले तेही कुणा गोऱ्या सुंदरीचे नाही, स्वतःचे.

ती दक्षिणेतील गावोगाव फिरली. चर्चमध्ये, लोकांच्या घरी बायका जमवी, एखादीचे डोके स्वतःच्या हाताने धुऊन, मलम लावून, तापवलेल्या लोखंडी फणीने विंचरून दाखवी. ही फणी तिने शोधली असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही. १९०८ साली पिट्सबर्ग येथे तिने केशसाधना शिकवणारी शाळा काढली आणि तिला मुलीचे नाव दिले, लीलिया कॉलेज. १९१० साली इंडियानापोलिस येथे कारखाना उभारला. त्या शहरातून चारी दिशांना रेल्वे जात, म्हणून माल पाठवणे सोपे होते.

तिच्या विक्रेत्या हजारोंनी वाढल्या. त्या कोण होत्या? कालपर्यंत धुणे धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या बायका. आता हातात पेटी घेऊन त्या स्वतःच्या नावावर कमवू लागल्या. मला वाटते, मादाम वॉकरने केस वाढवले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. तिने धुण्याच्या टबापासून बाहेर जाणारी एक वाट तयार केली, हे तिचे खरे काम.

पण ही वाट सहज मोकळी झाली नाही. १९१२ साली शिकागोला काळ्या व्यावसायिकांची परिषद भरली. अध्यक्ष होते बुकर टी. वॉशिंग्टन, त्या समाजाचे मोठे पुढारी. केसांचा धंदा त्यांना हलका वाटे. मादामने बोलण्याची परवानगी मागितली, ती त्यांनी दिली नाही. शेवटच्या दिवशी ती आपणहून उभी राहिली. आपण कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबाकडे आणि तिथून स्वयंपाकघरात कशा आलो आणि आता स्वतःच्या जागेवर स्वतःचा कारखाना कसा बांधला आहे, हे तिने भरसभेत सांगितले. एवढी श्रीमंत झालेली बाई, तिला आपला भूतकाळ लपवता आला नसता का? पण तिने टबाचे नाव आधी घेतले. पुढच्याच वर्षी त्याच परिषदेत तिला वक्ता म्हणून सन्मानाने बोलावण्यात आले.

पैसा आला तसा तिने तो वाटलाही. शाळांना, अनाथांना, इंडियानापोलिसच्या वाय.एम.सी.ए. इमारतीला १००० डॉलर. १९१७ साली ईस्ट सेंट लुईस येथे काळ्या वस्तीवर हल्ले होऊन माणसे मारली गेली. त्यानंतर जे शिष्टमंडळ व्हाइट हाउसवर गेले, त्यात ती होती. अध्यक्ष विल्सन भेटले नाहीत. त्याच वर्षी फिलाडेल्फियाला तिने आपल्या विक्रेत्यांचे अधिवेशन भरवले. तिथे जास्त माल विकणाऱ्यांबरोबर समाजासाठी जास्त देणगी देणाऱ्यांनाही बक्षिसे दिली. झुंडबळींविरुद्ध अध्यक्षांना तार पाठवली, ती या केस विंचरणाऱ्या बायकांनी!

१९१८ साली हडसन नदीकाठी तिचा वाडा पूर्ण झाला. त्याचा वास्तुरचनाकारही काळाच होता, व्हर्टनर टँडी. पण त्या वाड्यात तिला फार दिवस राहता आले नाही. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार बळावून २५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी ती गेली. जाण्याआधी झुंडबळीविरोधी निधीला तिने ५००० डॉलर जाहीर केले होते. पुढील नफ्याचा दोन-तृतीयांश भाग समाजकार्यासाठी जावा, असे तिने मृत्युपत्रात लिहून ठेवले. लोक तिला लक्षाधीश नव्हे, दशलक्षाधीश म्हणत. तिची मालमत्ता सुमारे ६ लाख डॉलर भरली. मला हा आकडा कमी वाटत नाही.

तिने काळ्या स्त्रियांना गोऱ्यांसारखे सरळ केस करण्याचा नाद लावला, अशी टीका तेव्हाही झाली, पुढेही झाली. आपण केस सरळ करीत नाही, त्यांची निगा राखतो, असे तिचे म्हणणे होते. तरी गरम फणी तिच्या पेटीत होतीच. हा वाद मला पुरता सोडवता येत नाही. पण ज्या बाईला आरशात पाहवत नाही, तिला आधी सौंदर्याचा सिद्धांत शिकवावा की आधी डोके धुवायला पाणी द्यावे? माझे मत पाण्याच्या बाजूने आहे.

आज त्याच समाजातील कितीतरी स्त्रिया घरी बसून स्वतःचा टोप स्वतः शिवतात. डोक्याच्या मापाची जाळीदार टोपी घ्यायची, केसांच्या पट्ट्या मानेकडून वर एकेक ओळ शिवत आणायच्या आणि पुढे, भांगाच्या जागी, चार इंच लांब-रुंद तलम जाळीचा तुकडा बसवायचा. त्याला लेस क्लोजर म्हणतात. त्या जाळीत एकेक केस हाताने गाठलेला असतो, म्हणून भांग खऱ्यासारखा दिसतो. मी हे आईला समजावून सांगितले. ती म्हणाली की तुझ्या आजीला हे दाखवायला हवे होते. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. गंगावन अजून आईजवळ आहे.

शेवटी एक कबुली देते. गेल्या वर्षी प्रवेश अर्जावर पालकाचा व्यवसाय विचारला होता. वडील मी सहावीत असतानाच वारले, म्हणून आईचे नाव घातले आणि पुढे ‘गृहिणी’ असे लिहिले. लिहिताना हात अडखळला, पण लिहिले. या वर्षी तोच अर्ज पुन्हा भरला. त्या रकान्यात मी ‘धुणीभांडी’ असे लिहिले आणि अर्ज सहीसाठी आईपुढे ठेवला. तिला अक्षर लावून लावून वाचता येते. तिने तो शब्द वाचला, माझ्याकडे पाहिले आणि सावकाश सही केली.

— द्वितीय वर्ष, कला