समुद्र आणि किनारा सांधणारी कात्री

केरळमधील मच्छीमारांच्या जीवनावर बेतलेल्या ‘चेम्मीन’ या मल्याळम चित्रपटाने १९६५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक पटकावले. हा बहुमान मिळवणारा तो दक्षिण भारतातील पहिलाच चित्रपट. त्याच्या कथेची, छायाचित्रणाची, संगीताची पुढे बरीच चर्चा झाली. मात्र श्रेयनामावलीत के. डी. जॉर्ज यांच्यासह संकलक म्हणून झळकलेले दुसरे नाव अनेक मराठी रसिकांना आजही चकित करील. ते नाव होते हृषीकेश मुखर्जी यांचे!

‘आनंद’, ‘चुपके चुपके’, ‘गोलमाल’ यांसारख्या चित्रपटांमुळे हृषीदा घराघरांत पोहोचले. त्यांची मूळ ओळख मात्र संकलकाची. ३० सप्टेंबर १९२२ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या हृषीदांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि काही काळ अध्यापनही केले. पुढे ‘न्यू थिएटर्स’मध्ये सुबोध मित्र या निष्णात संकलकाच्या हाताखाली त्यांनी कात्री धरली. १९५०च्या दशकाच्या आरंभी ते बिमल रॉय यांच्यासमवेत मुंबईत आले. ‘दो बिघा जमीन’ (१९५३), ‘देवदास’ (१९५५) आणि ‘मधुमती’ (१९५८) या चित्रपटांचे संकलन त्यांचेच. ‘नौकरी’ आणि ‘मधुमती’साठी त्यांना संकलनाचे फिल्मफेअर पारितोषिकही लाभले.

१९५७ साली ‘मुसाफिर’द्वारे ते दिग्दर्शक झाले. ‘अनाडी’ने त्यांना लोकप्रियता दिली, तर ‘अनुराधा’ने १९६० सालचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवून दिले. एवढे यश पदरी पडल्यावर दुसऱ्याच्या चित्रपटासाठी संकलनाच्या टेबलाशी बसण्याची निकड त्यांना उरली नव्हती. तरीही दिग्दर्शक रामू करिआत यांच्या ‘चेम्मीन’साठी ते बसले. चित्रपटाची भाषा तर त्यांच्या बंगालीहून सर्वस्वी निराळी.

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या गाजलेल्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. दर्यावर गेलेल्या कोळ्याचे प्राण किनाऱ्यावरील त्याच्या पत्नीच्या पावित्र्यावर अवलंबून असतात, ही तिथल्या मच्छीमारांची श्रद्धा या कथेच्या मुळाशी आहे. कोळ्याची मुलगी करुत्तम्मा आणि मुस्लिम व्यापारी परीकुट्टी यांचे प्रेम समाजाला मान्य नसते. तिचा विवाह पळनीशी होतो. अखेरीस एकीकडे पळनी खोल समुद्रात शार्कशी झुंजत असतो, तर दुसरीकडे ती आणि परीकुट्टी किनाऱ्यावर पुन्हा भेटतात.

येथेच संकलकाचा कस लागतो. दर्या आणि किनारा यांमध्ये कित्येक मैलांचे अंतर. मात्र एका ठिकाणच्या कृतीचे फळ दुसऱ्या ठिकाणी भोगावे लागते, ही भावना प्रेक्षकाच्या मनात उतरली नाही, तर सारी कथाच कोसळते. ही भावना संवादांनी सांगून पटत नाही. एका दृश्याला दुसरे कुठे आणि किती वेळ जोडायचे, यावर ती उभी राहते. कोणत्याही भाषेच्या पलीकडचे असे हे काम आहे.

‘चेम्मीन’च्या यशात इतरांचाही मोलाचा वाटा होता. मार्कस बार्टले यांच्या कॅमेऱ्याने समुद्र टिपला होता. बिमल रॉय यांच्या चमूतील हृषीदांचे जुने सहकारी सलील चौधरी यांनी या चित्रपटाद्वारे मल्याळम संगीतात पदार्पण केले आणि मन्ना डे यांनी त्यात गायन केले. करिआत यांच्या वायनाडमधील जीवनावरील ‘नेल्लु’चे (१९७४) संकलनही पुढे हृषीदांनीच केले.

‘आनंद’मध्ये नायकाच्या मृत्यूनंतर ध्वनिफितीतून त्याचा आवाज पुन्हा उमटतो आणि चित्रपटगृह स्तब्ध होते. त्या चित्रपटाचे संकलनही त्यांचेच होते आणि त्यासाठी त्यांना पुन्हा फिल्मफेअर मिळाले. १९९९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि २००१ साली पद्मविभूषण, असे सर्वोच्च सन्मान त्यांच्या वाट्याला आले.

२७ ऑगस्ट २००६ रोजी मुंबईत हृषीदांचे निधन झाले. दिग्दर्शक म्हणून त्यांची आठवण आवर्जून काढली जाते. मात्र नाव मोठे झाल्यानंतरही परक्या भाषेतील, दुसऱ्याच्या चित्रपटासाठी कात्री हाती घेणारा संकलक काहीसा विस्मृतीत गेला. ‘चेम्मीन’ पाहताना त्या संकलकाचेही स्मरण व्हावे.