रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

आमच्या अकोले तालुक्यात काळ्या दगडाचे नवल कोणास वाटत नाही. घराचा पाया, विहिरीचे बांधकाम, पाटा-वरवंटा, सारे त्याचेच. कळसूबाई व रतनगड येथील कड्यांत तोच थरावर थर दिसतो. हे थर एका दमात पडले, की मध्ये काही काळ लोटला? ज्या गृहस्थांनी या प्रश्नाचे उत्तर मातीतून शोधून काढले, त्यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

हिस्लॉपसाहेबांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स गावी झाला. १८४४ च्या अखेरीस ते मिशनरी म्हणून मुंबईस उतरले व पुढील वर्षी नागपुरास गेले. १८४६ मध्ये त्यांनी तेथे शाळा काढली. शाळेचे काम सांभाळून, सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते पायी भटकत व दगड निरखीत. १८५१ च्या सुमारास नागपूरजवळ टाकळी येथे त्यांस दोन काळ्या थरांमध्ये मातीचा एक पातळ थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाई, मासे, भुंगेरे, फळे व बिया यांचे अवशेष दगड होऊन राहिले होते.

अर्थ उघड होता. ज्वालामुखीचा रस वाहून थंड झाला, खळग्यांत पाणी साचले, त्यात जीव नांदले, काठी झाडे वाढली. मग नव्या रसाने ते सारे झाकून टाकले. १८५५ मध्ये त्यांचा यावरील निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. या थरांचे वय त्यांनी अलीकडचे मानले होते. आज ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे समजले जाते. तथापि शोधाचे मोल त्याने कमी होत नाही.

गोंड लोकांची भाषा व चालीरीती यांविषयीही त्यांनी टिपणे केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. वयाची शेहेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. नागपूरचे १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप कॉलेज त्यांचेच नाव धारण करते.

विद्यार्थिमित्रहो, भूशास्त्र हा अकरावी-बारावीस घेता येणारा विषय आहे. परंतु त्याचा आरंभ आपल्या बांधावर होतो. आमच्या कड्यांत दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन प्रवाहांमध्ये लोटलेल्या काळात झिजलेल्या दगडाची ती खूण होय. अखंड काळा दगड पाणी धरीत नाही. ते साठते भेगांत, झिजलेल्या दगडांत व थरांच्या सांध्यांत. ज्या डोंगराळ गावांत श्रावणात पावसाची झड लागते, तेथेच वैशाखात हंडाभर पाण्यासाठी माताभगिनी मैलभर चालतात. विहीर कोठे खणावी, हे ज्यास हे थर वाचता येतील तोच नेमके सांगू शकेल. तो जाणता तुमच्यांतूनच निघावा, एवढीच आमची इच्छा.