फिनिअस गेज : एका बदललेल्या स्वभावाचे चरित्र



निरनिराळ्या प्रसंगी आणि दीर्घकाळ सातत्याने दिसणाऱ्या विचार, भावना व वर्तन यांच्या ठेवणीला गुणविशेष म्हणतात. ही ठेवण ताठर होऊन व्यक्तीचे कामकाज व नातेसंबंध सतत बिघडू लागले, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार करावा लागतो. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून येथे एका माणसाचे चरित्र पाहू. त्याचे नाव मानसशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र सहसा वगळला जातो.

फिनिअस गेज याचा जन्म १८२३ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. पंचविसाव्या वर्षी तो व्हरमाँट राज्यात लोहमार्गाच्या कामावर मुकादम होता. खडकाला भोक पाडून त्यात सुरुंगाची दारू ठासणे हे जोखमीचे काम त्याच्याकडे असे. कष्टाळू, हिशेबी आणि हाती घेतलेले तडीस नेणारा अशी त्याची ख्याती होती. १३ सप्टेंबर १८४८ रोजी कॅव्हेंडिश गावाजवळ दारूने अकस्मात पेट घेतला. सुमारे साडेतीन फूट लांब आणि सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली व मेंदूचा पुढचा भाग भेदून माथ्यातून बाहेर पडली. तरीही गेज काही मिनिटांतच बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी परतला. पुढे जखम चिघळली, डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, परंतु डॉ. जॉन हार्लो यांच्या उपचारांनी तो वाचला.

शरीर सावरले, पण माणूस पूर्वीचा राहिला नाही. तो लहरी व हट्टी झाला, शिवराळ बोलू लागला. बेत आखावेत आणि लगेच सोडून द्यावेत, असे त्याचे झाले. मालकांनी त्याला पूर्वीच्या जागी परत घेतले नाही.

येथे थांबून विचार करा. गेजला व्यक्तिमत्त्व विकार जडला असे तुम्ही म्हणाल का? घाईने होकार देऊ नका. व्यक्तिमत्त्व विकाराची मुळे किशोरवयात किंवा तारुण्याच्या आरंभी दिसू लागतात आणि ती ठेवण वर्षानुवर्षे टिकते. गेजच्या वर्तनाला मात्र एक निश्चित तारीख होती. मेंदूच्या इजेमुळे घडलेला असा बदल निदानाच्या पद्धतीत व्यक्तिमत्त्व विकारापासून वेगळा मानला जातो. म्हणूनच निदान करणारा तज्ज्ञ आज काय दिसते एवढ्यावर न थांबता, हे केव्हापासून आहे आणि त्यापूर्वी काय घडले, हेही विचारतो.

आता उत्तरार्ध पाहू. गेजने काही काळ घोड्यांच्या तबेल्यात नोकरी केली. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे वालपाराइसो ते सँतिआगो या मार्गावर अनेक वर्षे घोडागाडी हाकली. परका देश, परकी भाषा, अनेक घोड्यांचे लगाम आणि उतारूंची जबाबदारी! बेत तडीस नेऊ न शकणाऱ्या माणसाला हे साधले असते का? ठरलेला मार्ग व रोजची तीच कामे यांच्या आधाराने तो पुष्कळ सावरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. प्रकृती ढासळल्यावर १८५९ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. पुढे त्याला आकडी येऊ लागली आणि २१ मे १८६० रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या स्वभावातील बदलांचे सविस्तर वर्णन हार्लो यांनी प्रसिद्ध केले ते १८६८ साली. त्याची कवटी व ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन केलेली आहे.

या चरित्रातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बिघडलेले प्रत्येक वर्तन म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार नव्हे. दोन, एका कालखंडातील वर्णन हे संपूर्ण आयुष्याचे वर्णन नसते. अपघात, आजार किंवा पक्षाघातानंतर तुमच्या घरातील वा कामाच्या ठिकाणची एखादी व्यक्ती बदललेली वाटली, तर तिच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी तिला डॉक्टरांकडे न्यावे. तसेच ती व्यक्ती पुन्हा कोणत्या कामात, कोणत्या दिनक्रमात स्थिरावू शकेल, याचाही शोध घ्यावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : गेजच्या उदाहरणाच्या आधारे गुणविशेष, व्यक्तिमत्त्व विकार आणि इजेमुळे झालेला व्यक्तिमत्त्वातील बदल यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.