श्रीसंत गाडगेमहाराज : विस्तारलेला प्रपंच

मनुष्यजन्माचे सार्थक कशात आहे हा प्रश्न आम्ही कीर्तनकार मंडळी वर्षातून शंभर वेळा तरी श्रोत्यांपुढे टाकतो. उपनिषदांनी पुत्रैषणा, वित्तैषणा व लोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या. मुलाबाळांची ओढ, द्रव्याची ओढ आणि चार लोकांत मान मिळावा ही ओढ. पाठशाळेत असताना आम्ही या शब्दांची व्युत्पत्ती घोकली, त्यावरचे भाष्य लावले. पण या तिन्ही ओढी सुटल्यावर माणूस कसा दिसतो, कसा चालतो, काय खातो, हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर पोथी मिटून वऱ्हाडातल्या एका निरक्षर शेतकऱ्याकडे वळावे लागते.

देबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट समाजात जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास माहेरी आली, आणि देबू मामाची गुरे राखू लागला. पुढे नांगर हाती आला. अंगात बळ मोठे, कामाचा कंटाळा ठाऊक नाही, रात्री भजनाची गोडी. असा मुलगा ज्या घरात असेल त्या घराला काय उणे? पण मामा सावकाराच्या कागदात अडकले. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येईना. अंगठा उठत गेला आणि जमीन गेली. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यावयास आली तेव्हा तरणा देबूजी त्यांना आडवा झाला. हा प्रसंग त्यांच्या मनात जन्मभर सलत राहिला असे आम्हांस वाटते, कारण पुढे पन्नास वर्षे त्यांनी गावोगाव जे सांगितले त्यातले निम्मे या एका शेतातून उगवले आहे. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, घरातली ताटवाटी विकावी लागली तरी चालेल पण मुलाला शाळेत घाला.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातगंगेला मटण व दारू द्यावयाची, अशी चाल होती. देबूजींनी गोडाधोडाचे जेवण घातले. पंगतीत कुरकुर झाली, ती त्यांनी ऐकून घेतली. ज्या भाऊबंदांत उठायबसायचे त्यांच्या पंगतीतच चाल मोडणे किती अवघड आहे, हे खेड्यात राहणारे वाचक जाणतात.

आणि मग १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे ते घर सोडून निघून गेले. वय अठ्ठावीस. मागे म्हातारी आई, तरुण बायको, लहान मुले.

येथे आम्ही थोडे थांबतो. आपला संप्रदाय घर सोडा असे सांगत नाही. नाथमहाराज पैठणला संसारात राहिले, तुकोबाराय देहूला राहिले. प्रपंचातच परमार्थ ही आपली शिकवण. तेव्हा देबूजींनी केले ते बरे केले काय, असे कोणी विचारले तर उगाच टाळ वाजवून तो प्रश्न बुडवू नये. कुंताबाईंच्या वाट्याला जे आले ते त्यांनी मागून घेतलेले नव्हते. नवरा जिवंत असून घरात नाही, ही अवस्था ज्या स्त्रीने भोगली तिचे नाव महाराजांच्या चरित्रात दोन ओळींत आटोपते, हे आम्हांस रुचत नाही. या थोर जीवनाचा अर्धा भार तिने वाहिला, असा आमचा निवाडा आहे. मात्र इतकेही खरे की, महाराज सुखासाठी बाहेर पडले नव्हते. घरच्यांना जे नाकारले ते त्यांनी स्वतःसाठीही कुठे घेतले नाही.

पुढची बारा वर्षे ते भटकत होते. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. तेच ऊन लागले की डोक्यावर, भूक लागली की भाकरीसाठी पुढे. लोक वेडा समजत, पोरे खडे मारीत. परंतु या वेड्याचा एक नियम होता. कोणाच्या दारात उभे राहिले तर आधी लाकडे फोडावयाची, अंगण झाडावयाचे, आणि मग कोरभर भाकर व चटणी घ्यावयाची. काम न करता घेतलेले अन्न त्यांना पचत नसे. भिक्षा आणि मजुरी यांच्यामधली रेघ त्यांनी अशी पुसून टाकली. बिदागी आधी ठरवून मग वीणा उचलणाऱ्यांनी हे जरा शांतपणे वाचावे.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. काठाला चिखल, बायाबापड्या घसरून पडत, पण पुण्य घेऊन घरी गेले की तो चिखल कोणाच्या ध्यानात राहत नसे. महाराजांनी टोपलीने माती वाहून वाट करावयास आरंभ केला. एकाला पाहून दुसरा आला, दुसऱ्याला पाहून दहा आले, आणि अखेर तेथे पक्का घाट झाला. पुढच्या साऱ्या कार्याचा नमुना या घाटात दिसतो. व्याख्यान नाही, वर्गणीची पावती नाही. आधी आपली पाठ वाकवावयाची. गावात शिरले की दिवसभर खराट्याने गाव झाडावयाचा, संध्याकाळी कीर्तन, आणि लोक पाया पडावयास पुढे सरसावले की अंधारात पसार.

कीर्तनही कसे! पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, शास्त्राधार नाही. आपल्या वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत जावयाचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढावयाचे. देवापुढे बकरे कापणाऱ्याला, ऋण काढून तेरावे घालणाऱ्याला आपल्याच उत्तराची लाज वाटे. शिकलेला कीर्तनकार श्रोत्यांना डोलवितो. हे निरक्षर बुवा श्रोत्यांना अडचणीत टाकीत, आणि त्यासाठीच लोक दुरून चालत येत.

आता पंढरीची गोष्ट. महाराज वारीला येत, पण राउळात न जाता वाळवंट झाडीत राहत, असे जुनी माणसे सांगत. त्यावरून ते वारकरी की नव्हेत असा वाद आमच्यातल्या काहींनी घातला. आम्ही म्हणतो, त्या काळचे वाळवंट डोळ्यांपुढे आणा. महाद्वारापाशी चोखोबांची समाधी, आणि चोखोबांच्या ज्ञातीचा वारकरी त्या समाधीपलीकडे पाऊल टाकू शकत नव्हता. राउळाचे दार त्याला उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर आषाढीच्या पावसात त्याने मुक्काम तरी कोठे करावा? महाराजांनी त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. आत विटेवर उभा असलेला पाहावयास जावे की बाहेर भिजत पडलेल्याला छप्पर द्यावे, यात त्यांनी दुसरे निवडले. याला वारकरीपण म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. सदावर्ते, गोरक्षण, शाळा, वसतिगृहे झाली. लाखो रुपये या हातांवरून गेले, पण हात कोरडे राहिले. या इमारतींवर आपल्या वारसांचा हक्क राहणार नाही, अशी त्यांनी व्यवस्था केली. पंढरीची ती चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. आपण उभारलेली वास्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करताना सामान्य माणसाचे मन किती कचरते, हे घरात वाटण्या झालेल्यांनी आठवून पाहावे.

१९२३ साली कोकणात खारेपाटणास असताना त्यांना मुलगा गोविंद गेल्याची वार्ता कळली. कीर्तन थांबले नाही. कोणी याला कठोरपणा म्हणेल. आमच्या मते दुःख नव्हते असे नाही, तर त्या क्षणी समोर बसलेल्या शेकडो माणसांचीही मुले होती, त्यांतली कित्येक औषधावाचून जात होती, आणि महाराजांना त्या सर्वांत आपला गोविंद वेगळा काढता येईनासा झाला होता. दापुऱ्याचे घर त्यांनी सोडले हे खरे. पण ते घर पसरत पसरत साऱ्या महाराष्ट्राएवढे झाले होते.

पुत्रैषणा गेली, वित्तैषणा गेली. लोकैषणा सर्वांत चिवट, बरे का! घर सोडणारे, पैशाला न शिवणारे पुष्कळ साधू आम्ही पाहिले, पण पाद्यपूजेला पाय मागे घेणारा विरळा. महाराजांनी कोणाला मंत्र दिला नाही, कोणाला शिष्य म्हटले नाही, आपल्यालाही कोणाचा गुरू म्हणवून घेतले नाही. कोणी हार घेऊन आला तर त्याच्या हाती खराटा देत. १९५४ साली कऱ्हाडला रयत शिक्षण संस्थेने त्यांच्या नावाचे महाविद्यालय काढले. ज्याला स्वतःची सही करणे अवघड त्याच्या नावे महाविद्यालय!

शेवटपर्यंत पाय थांबले नाहीत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले, ते ध्वनिमुद्रित आहे. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे मोटारीतून जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी महाराजांनी देह ठेवला. ज्यांनी इतक्यांना छप्पर दिले त्यांना अंतकाळी छप्पर नव्हते, आणि त्यांनी ते कधी मागितलेही नव्हते.

आपली समाधी, मूर्ती काही करू नका असे त्यांनी सांगून ठेवले होते म्हणतात. लोकांनी ऐकले नाही. अमरावतीस समाधी झाली, तेथे फुलेही वाहिली जातात. मुंबईला दादरमध्ये मात्र त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आहे. दूरगावचे कर्करोगाचे रुग्ण व त्यांची माणसे तेथे उतरतात. त्यांची अंथरुणे झाडून घातली जातात, वेळेवर जेवण मिळते. वाचकांपैकी कोणी मुंबईस गेले तर तेथे डोकावून यावे, आणि जाताना हार नेऊ नये.