हिशेबखात्यातला मारवा

दोन मे १९२० रोजी विदर्भातल्या मूर्तिजापूर या गावी वसंतराव देशपांडे जन्मले आणि ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात गेले. म्हणजे आयुष्य जेमतेम त्रेसष्ट वर्षांचे. त्यातली पहिली सत्तेचाळीस वर्षे गेल्यावर महाराष्ट्राला हा माणूस खऱ्या अर्थाने कळला. या हिशेबाचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. कदाचित जन्मभर खतावण्या लिहिण्यात गेला म्हणून असेल.

वसंतरावांविषयी एकट्याने काही आठवणे मला जमत नाही. त्यांच्याबरोबर माझा एक मित्र हटकून येतो. आम्ही दोघे पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसत असू. तो तबला वाजवायचा, आणि चांगला वाजवायचा. मी फक्त ऐकणारा. साहेब फेरीवर गेले की याची बोटे लेजरच्या पुठ्ठ्यावर झपताल मोजू लागायची. वसंतराव स्वतः उत्तम तबला जाणणारे होते, त्यामुळे त्यांच्या गाण्यातली लय याला आतून दिसायची. समेवर येता येता ते कुठल्या गल्लीतून पळाले आणि कुठून बाहेर निघाले, हे तो मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना समजावून सांगत असे. आज मला गाण्यातले जे थोडेफार कळते ते त्या डब्यांच्या वेळचे आहे.

वसंतरावांना वाढवले ते आईने, एकटीने. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे सी. रामचंद्र म्हणून गाजलेले चितळकर हेही सप्रे मास्तरांचेच विद्यार्थी. १९३५ च्या सुमारास भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मध्ये वसंतराव कृष्ण झाले. पोरवयातच पडद्यावर झळकलेल्या मुलाची गाडी पुढे सरळ रुळावरून धावायला हवी होती. तशी ती धावली नाही. पण विद्या मात्र ते मिळेल तिथून गोळा करत राहिले. लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर. आणि या सगळ्यांच्या वर मनात घर करून बसलेले मास्टर दीनानाथ. दीनानाथांची ती अचानक झेप घेणारी, ऐकणाऱ्याला दचकवणारी गायकी वसंतरावांनी इतकी पचवली की तिची नक्कल कुठे ऐकू येत नाही, जातकुळी मात्र लगेच ओळखू येते.

लाहोरचे दान म्हणजे मारवा. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि षड्ज असून नसल्यासारखा. गवई सारखा घराच्या आसपास घुटमळतो, पण दार लोटून आत येत नाही. सूर्य बुडतानाचा हा राग. कचेरी सुटायची वेळही तीच. असा राग ज्याच्या गळ्यात बसला आहे, त्याने रोज दहा वाजता हजेरीपटावर सही करावी यात काहीतरी क्रूर आहे, असे माझा मित्र म्हणत असे.

कारण वसंतराव पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. एक-दोन नव्हे, वीसांहून अधिक वर्षे. संसार होता, आई होती, आणि गाण्यावर घर चालेल याची हमी कोण देणार? मधल्या काळात पु. ल. देशपांड्यांसारखा जिवलग मित्र होता, त्यांच्या 'गुळाचा गणपती'त (१९५३) गाणे झाले, मैफली होत राहिल्या. पण महिन्याचा पगार लष्कराचा. पुढे तर त्यांची बदली थेट नेफात झाली. पुण्याच्या बैठकींतून उठवून ईशान्येच्या डोंगरात! अखेर त्यांनी नोकरी सोडली. वय पंचेचाळिशीच्या आसपास. त्या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीनंतरच्या घराचा प्लॉट पाहू लागतात.

२४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आले. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेब आफताब हुसेन वसंतरावांचे. आम्ही दोघांनी ते पाहिले तेव्हा बालगंधर्व रंगमंदिर नवेकोरे होते. आपली विद्या घराण्याबाहेर जाऊ न देणारा हा खाँसाहेब. तो उभा केला कोणी, तर ज्याने अर्धा डझन गुरूंकडून विद्या घेतली आणि एकाही घराण्याचा शिक्का लावून घेतला नाही अशा माणसाने. या विसंगतीवर आम्ही पर्वतीपर्यंत बोलत गेलो होतो. शिक्का नसल्याची किंमत वसंतरावांनी मोजलीही. नाटकात गाणारा, ठुमरी आणि लावणीही गाणारा, म्हणजे खरा ख्यालिया नव्हे, असे नाक मुरडणारे जाणकार तेव्हा पुष्कळ होते. त्यांचा बंदोबस्त मारव्याने परस्पर केला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८२ साली. पुढच्याच वर्षी ते गेले.

मित्राची गोष्ट राहिली. १९७४ साली त्याने राजीनाम्याचा अर्ज लिहिला आणि आधी मला दाखवला. वसंतरावांनी सोडली, मग मी का नाही, एवढेच त्याचे म्हणणे. मी त्याला प्रॉव्हिडंट फंड सांगितला, पेन्शनला किती वर्षे उरली ते सांगितले, दोन मुलांची नावे घेतली. वसंतराव एखादाच असतो, हेही सांगितले. कागदावर मांडूनच दाखवले सगळे. तेवढी एकच विद्या माझ्याजवळ होती. त्याने अर्जाची चौघडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. डब्याच्या वेळी गाण्याबद्दल बोलणे चालू राहिले. पुठ्ठ्यावरची बोटे मात्र हळूहळू थांबली. ती नेमकी कधी थांबली, हे माझ्या लक्षातही आले नाही. १९९१ साली तो गेला.

वसंतरावांच्या आयुष्यावरचा 'मी वसंतराव' हा चित्रपट २०२२ साली आला. त्यांचे नातू राहुल देशपांडे त्यात आजोबा झाले आहेत. मित्राचा थोरला मुलगा मला स्कूटरवरून तो पाहायला घेऊन गेला. तोही आता निवृत्तीला आला आहे. मध्यंतरात चहा घेताना त्याने विचारले, काका, आमचे बाबा एकदा नोकरी सोडणार होते असे आई म्हणायची, ते खरे का? मी हो म्हणालो. त्यांना कोणी अडवले, हे त्याने विचारले नाही. घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.